मागच्या रांगेत बसलेला ड्रायव्हर

अंकुश गजभिये गाडी पाहायला गेला की बोनेट उघडा म्हणत नाही. आधी तो खांद्यावरचा दुपट्टा जमिनीवर अंथरतो, त्यावर पाठ टेकून आडवा होतो आणि गाडीखाली डोकं घालतो. भंडाऱ्याच्या एका शोरूममध्ये चकचकीत फरशीवरही त्यानं हेच केलं होतं. विक्रीवाल्या मुलीनं घाबरून त्याला पाणी आणून दिलं. तिला वाटलं, काकांना चक्कर आली.

मी त्याला ओळखतो ते चौदा वर्षं त्याच्या गाडीत बसलो म्हणून. चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत मी टाईम ऑफिसला होतो. घर मोहाडीला. आमच्या भागातून खाणीत जाणाऱ्यांसाठी एका ठेकेदाराची दहा सीटची जीप लागलेली होती आणि तिच्यावर अंकुश ड्रायव्हर. सकाळी साडेपाचला तो आंधळगावहून निघायचा, मला मोहाडीच्या फाट्यावर घ्यायचा आणि तुमसरवरून चिखल्याला पोचवायचा. चौदा वर्षांत गाडी रस्त्यात बंद पडून आमची हजेरी बुडाली असं दोनदाच झालं.

तो आधी राईस मिलचा ट्रॅक्टर चालवायचा, मग खनिजाचा ट्रक, मग ही जीप. शाळा नववीपर्यंत. पण रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून तिचं काय दुखतं ते तो सांगायचा. त्यामुळं आंधळगावात कोणी गाडी घ्यायला निघालं की आधी अंकुशच्या घरी जायचं, त्याच्या बायकोच्या, सरिताच्या हातचा चहा प्यायचा आणि त्याला सोबत न्यायचं, असं ठरूनच गेलं होतं. यासाठी तो कोणाकडून काही घेत नसे. त्याचं एवढंच म्हणणं असायचं, की मी सांगितल्यावर मग दुसऱ्या दहा जणांना विचारत बसू नका.

मागच्या वर्षी इश्वर बांते त्याच्याकडे आला. इश्वर त्याचा शाळासोबती. घरची धानाची शेती, घर गावाच्या टोकाला, तलावाच्या पाळीपलीकडं, म्हणजे बांधाच्या पल्याड. घरात माणसं सात. इश्वर, त्याची बायको रुखमा, म्हातारी आई शकुंतलाबाई, मुलगा योगेंद्र, सून तृप्ती आणि तिच्या दोन मुली. योगेंद्र मोहाडीच्या तहसील कार्यालयात लिपिक आहे. शकुंतलाबाईंचे गुडघे गेलेले, महिन्यातून एकदा त्यांना नागपूरला न्यावं लागे. लग्नकार्य निघालं की अर्धे मोटारसायकलवर, अर्धे एसटीनं, नाही तर भाड्याची गाडी सांगायची. शेवटी बाप-लेकानं ठरवलं की सात माणसं एकदम बसतील अशी मोठी गाडी घ्यायची.

योगेंद्र हुशार आणि नेटका मुलगा. त्यानं दोन महिने मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहून एक तक्ता तयार केला होता. तीन गाड्या आणि अकरा रकाने. लांबी, रुंदी, उंची, जमिनीपासून पोट किती वर, वळायला जागा किती लागते, डिकीत सामान किती मावतं, वॉरंटी किती वर्षांची, असं सगळं. कंपन्यांची नावं मी इथं सांगत नाही. अंकुशनंही ती तोंडात घेतली नाहीत. तो गाड्यांना रंगानंच ओळखायचा. एक काळी, एक पांढरी, एक चांदीच्या रंगाची.

योगेंद्रचं मन काळीवर बसलं होतं. ती सगळ्यांत मोठी. उंच, रुंद, समोरून पाहिलं की माणूस आपोआप बाजूला होईल अशी. तहसीलच्या आवारात ती उभी केल्यावर कशी दिसेल, हे त्यानं मनात कितीदा पाहिलं असेल कोण जाणे. त्यानं अंकुशसमोर तक्ता ठेवला तेव्हा काळीच्या नावाखाली शाईची रेघही मारलेली होती.

अंकुशनं तक्ता पूर्ण वाचला. काळीच्या रुंदीचा आकडा पाहिला, त्यात दोन्ही बाजूंचे आरसे मिळवले आणि इश्वरच्याच वाडीतला एक बांबू तेवढ्या मापाचा तोडला. तो बांबू दोन्ही हातांत आडवा धरून तो तलावाच्या पाळीपासून इश्वरच्या फाटकापर्यंत चालत गेला. गावातले लोक उभे राहून पाहत होते. गोठ्याच्या कोपऱ्यावर गल्ली वळते, तिथं बांबू दोन्ही भिंतींना घासून अडकला. योगेंद्र म्हणाला की आरसे मिटतात. अंकुशनं मान हलवली आणि शोरूमवाल्यांना गाडी गावातच दाखवायला आणायला सांगितलं.

काळी आली. कोपऱ्यावर वळायला तिला तीनदा मागं-पुढं व्हावं लागलं. फाटकात पोचली तेव्हा शकुंतलाबाई काठी टेकत आल्या, पायरीकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं आणि परत जाऊन खाटेवर बसल्या. त्यांच्यासाठी स्टूल आणला, तरी एका बाजूनं इश्वर आणि दुसऱ्या बाजूनं रुखमानं उचलल्याशिवाय त्यांना आत जाता येईना. योगेंद्रनं काळीच्या बोनेटवर थोडा वेळ हात ठेवला आणि मग शोरूमच्या माणसाला चहा घ्यायला आत नेलं. तक्त्यावरची रेघ त्यानं स्वतःच खोडली. अंकुशला त्याचं वाईट वाटलं, हे त्यानं मला नंतर सांगितलं. म्हणाला, पोराचा जीव होता त्या गाडीवर, पण गल्ली रुंद करणं माझ्या हाती नव्हतं.

पांढरी गाडी तुमसरच्या प्रविणकडं होती. प्रविण ती भाड्यानं चालवायचा आणि अंकुशचा चांगला ओळखीचा होता. अंकुशनं ती दोन दिवस मागून घेतली. आमच्या जीपच्याच वळणाची, पण नव्या जमान्याची. अंकुशला ती बसताक्षणी आवडली. तुमसर रस्त्यावर समोरून खनिजाचा ट्रक आला की आपल्याला डाव्या बाजूची दोन चाकं डांबराखाली उतरवावी लागतात. तिथं बऱ्याच गाड्या डगमगतात, स्टिअरिंग हातातून ओढून घेतात. ही उतरली आणि चढली, स्टिअरिंगला काही कळलंच नाही. मग तो मोहाडीच्या हेमराज मिस्त्रीकडं गेला. हेमराज म्हणाला की हिचा कोणताही पार्ट एका दिवसात मिळतो आणि हिचं काम न येणारा मिस्त्री या जिल्ह्यात नाही. अंकुशच्या हिशेबानं भरवशाची गाडी म्हणजे जी बिघडत नाही ती नव्हे. बिघडल्यावर जी दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर येते, ती.

चांदीच्या रंगाची गाडी त्यानं शोरूमच्या अंगणातच पाहिली. लांब, पण बुटकी. गाडीखाली डोकं घालून बाहेर आला आणि म्हणाला, हिचं पोट खाली आहे, पाळीवरच्या उंचवट्यावर घासंल. तेवढ्यावर ती बाद झाली.

तेव्हा पांढरी ठरल्यासारखीच होती. इश्वर खूश होता. घरच्यांनाही एकदा बसून पाहू दे, म्हणून रविवारी सगळे जण प्रविणच्या गाडीनं तुमसरला निघाले. इश्वरच्या मामेबहिणीकडं जेवण होतं. गाडी अंकुश चालवत होता. इश्वर समोर. मधल्या रांगेत शकुंतलाबाई, रुखमा आणि योगेंद्र, आणि मांडीवर लहान मुलगी. मागच्या रांगेत तृप्ती, तिची मोठी मुलगी आणि फराळाची पिशवी. कोणी कुठं बसायचं, यावर एक शब्दही झाला नाही. सगळे आपापल्या जागी जाऊन बसले.

तुमसरला पोचल्यावर सगळ्यांना गाडी पसंत होती. योगेंद्रही म्हणाला की चालायला छान आहे. अंकुश गाडी लावून मागं वळला, तेव्हा मधली सीट दुमडून तृप्ती सगळ्यांच्या शेवटी उतरत होती. उतरून ती शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली. चेहरा पांढराफटक. तिच्या हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी होती आणि ती पदराखाली झाकायचा तिचा प्रयत्न चालला होता. मुलीला दोनदा उलटी झाली होती आणि समोरच्या कोणालाच त्याचा पत्ता लागला नव्हता.

अंकुशनं पाण्याची बाटली आणून दिली, तब्येत बरी नाही का म्हणून विचारलं. ती म्हणाली, तब्येत बरी आहे, मागं बसलं की हे असंच होतं. भाड्याच्या गाडीतही होतं. तिचं माहेर लाखांदूरकडं. पाच वर्षांत तिकडं जाताना आपण कधी डोळे उघडून रस्ता पाहिला नाही, असं ती म्हणाली.

जेवणं झाली. घरचे लोक आतल्या खोलीत बोलत होते. अंकुश गाडीची काच पुसत होता. तृप्ती मुलीचं तोंड धुवायला बाहेर आली आणि त्याच्याजवळ थांबली.

"काकाजी, एक सांगू का? रागावसान नाही ना?"

"बोल ना बेटा."

"तुमी एक डाव मांगं बसून पाहा."

अंकुश हसला. "मी मांगं बसलो तर गाडी कोन चालवन?"

"हे चालवतीन. यायले येते ना चालवता."

ती मुलीला घेऊन आत गेली. अंकुश फडकं हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला आठवेना की आपण मागच्या रांगेत शेवटचे कधी बसलो होतो. एकोणतीस वर्षं तो माणसं नेत होता. आपल्याच गाडीच्या शेवटच्या सीटवर तो एकदाही बसला नव्हता. धुवायला आत शिरला असेल, सीटखाली पडलेली कोणाची वस्तू शोधायला शिरला असेल, पण बसला नव्हता.

परतताना त्यानं किल्ली योगेंद्रच्या हातात दिली आणि तृप्तीला मध्ये बसायला सांगून आपण मागं चढला. इश्वरला वाटलं की दुपारच्या जेवणानं त्याला झोप आली आहे.

पुढचं त्यानं मला सांगितलं तेव्हा हातांनी दाखवून सांगितलं. गुडघे हनुवटीपर्यंत आले होते, कारण सीट जमिनीला चिकटून होती. पहिल्या गतिरोधकावर समोरचे लोक नुसते हलले आणि त्याचं डोकं छताला लागलं. काच उघडत नव्हती. थंड हवा समोर कुठंतरी होती, ती त्याच्यापर्यंत येत नव्हती. समोर फक्त माणसांच्या माना. रस्ता दिसत नसल्यानं खड्डा कधी येणार ते कळत नव्हतं आणि प्रत्येक खड्डा सरळ कमरेत शिरत होता. त्याच्या हाताला धरायला काही नव्हतं. ट्रक आला की गाडी डांबराखाली उतरायची. समोर बसून ज्याचं त्यानं कौतुक केलं होतं, तेच उतरणं-चढणं मागं बसल्यावर पोटात कालवत होतं. मोहाडी यायच्या आधी त्याला घाम फुटला. त्यानं डोळे मिटून घेतले.

आणि डोळे मिटल्यावर त्याला परसराम सुखदेवे आठवला.

परसराम खाणीत भूमिगत काम करायचा. तोही मोहाडीचा. आमच्या जीपमध्ये मागं दोन आडवी बाकडी होती, समोरासमोर तोंड करून बसायची. ऑफिसवाले पुढं आणि मध्ये, खाणीत उतरणारे मागं, अशी पद्धत पडून गेली होती. तसा नियम कोणी केला नव्हता. परसराम अकरा वर्षं मागच्या बाकड्यावर बसला. चिखल्याला उतरला की तो लगेच चालायला लागत नसे. खाणीच्या गेटचा लोखंडी खांब धरून दोन-तीन मिनिटं उभा राहायचा आणि मग हळूहळू हजेरीच्या खिडकीकडं यायचा. अंकुश गाडीतून ओरडायचा, "परसरामभाऊ, खांब धरून नाही ठेवला तर गेट पडते का?" सगळे हसायचे. मीही हसायचो. परसराम काही बोलायचा नाही. त्याला कामाचा कंटाळा आहे असं आमचं मत होतं. काही जण तर तो सकाळीच पिऊन येतो असंही म्हणायचे.

आंधळगावला उतरल्यावर अंकुशनं इश्वरला सांगितलं की दोन-चार दिवस थांब, शोरूमला काही कळवू नको. इश्वरनं काहून म्हणून विचारलं. अंकुश एवढंच म्हणाला की मले एका माणसाले भेटाचं आहे.

आठवडी बाजाराच्या दिवशी तो मोहाडीला आला आणि आधी माझ्याकडं आला, मला घेऊन परसरामकडं गेला. एकट्यानं जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. परसराम चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. बाजाराच्या मागच्या ओळीत घर. बायजाबाई, त्याची बायको, बाजाराला जायला निघाली होती, ती पिशवी ठेवून पुन्हा चुलीकडं गेली. परसराम दारातच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. कमरेला रुंद पट्टा बांधलेला.

इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या. कोण निवृत्त झालं, कोणाच्या मुलीचं लग्न झालं. चहा झाला. मग अंकुशनं कप खाली ठेवला.

"भाऊ, तुमी गेट धरून काहून उभे राहात होते?"

परसरामनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पाय राहात नव्हते ना गा. तुमसर सोडलं का कमरेच्या खाली बधिर होऊन जाये. थोडं उभं राहिलं का मुंग्या येत, मंग चालता येये."

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय? तू काय मले समोर बसवला असता? समोर साहेब बसत." त्यानं कमरेचा पट्टा सरळ केला. "तुह्यावर राग नाही, अंकुश. तू टायमावर नेत होतास. अकरा वर्सांत माह्या दोनच हजेऱ्या गेल्या."

 अंकुशनं मान खाली घातली. मी टाईम ऑफिसात होतो, परसरामची हजेरी माझ्याच हातानं लागायची. खिडकीशी तो दोन मिनिटं उशिरा यायचा तेव्हा मी घड्याळाकडं बोट दाखवलेलं मला आठवलं. पण तिथं ते बोलायचं मला धैर्य झालं नाही.

बोलला तो परसरामच. कोणती गाडी घ्यायची आहे, कोणासाठी, ते त्यानं विचारून घेतलं आणि मग एखाद्या मिस्त्रीसारखं समजावून सांगितलं. त्याचं म्हणणं असं, की चाकाच्या मागं बसलं की माणूस उडतो. चाकाच्या बरोबर वर बसलं की झटका पाठीच्या कण्यात येतो. चाकाच्या पुढं जितकं सरकता येईल तितकं बरं. म्हणून लांब गाडी पाहायची, जिची मागची चाकं अगदी शेपटीकडं आहेत. आणि सीट जमिनीपासून उंच पाहिजे, मांडी टेकली पाहिजे. मांडी टेकली नाही की सगळा भार कमरेवर येतो. अकरा वर्षं अभ्यास करूनच तो हे सांगत होता.

दुसऱ्या दिवशी अंकुशनं सुट्टी टाकली आणि योगेंद्रला घेऊन पुन्हा शोरूमला गेला. चांदीच्या रंगाची गाडी मागितली. या वेळी तो गाडीखाली शिरला नाही. मागच्या रांगेत जाऊन बसला आणि योगेंद्रला म्हणाला, चालव, आणि खड्डे चुकवू नको. महामार्ग सोडून त्यांनी आतले खराब रस्ते धरले. तासाभरात त्याचं डोकं एकदाही छताला लागलं नाही. मग त्यानं गाडी थांबवली, योगेंद्रला मागं बसवलं आणि स्वतः तितकाच वेळ चालवली. मग योगेंद्रला प्रविणच्या पांढऱ्या गाडीतही त्याच रस्त्यावर मागं बसवलं.  एवढा चांगला तक्ता केला आणि हा रकाना आपल्याला सुचला नाही, असं तो परतताना रस्ताभर पुन्हा पुन्हा म्हणत होता.

त्या संध्याकाळी इश्वरच्या ओसरीवर सगळे बसले. अंकुशनं सरळ सांगितलं की माझं चुकलं. पांढरी गाडी चांगली आहे, ड्रायव्हरसाठी आहे, मिस्त्रीसाठी आहे. पण मी ती समोर बसून पाहिली. इश्वरला हे पटेना. एवढी वर्षं गाव ज्याच्या शब्दावर गाड्या घेत आलं तो माणूस शब्द फिरवतो, हे त्याला कसंतरीच वाटलं. तो म्हणाला, मागं बसणाऱ्याला थोडाफार त्रास व्हायचाच, तो कोणत्या गाडीत होत नाही.

अंकुशनं तृप्तीचं नाव घेतलं नव्हतं. ती दारात उभी होती. शकुंतलाबाईंनी खाटेवरून तिच्याकडं पाहिलं.

"तुले होत होता का वं त्रास?"

"हो, आजी."

"मंग सांगितलं काहून नाही?"

 तृप्तीनं आवाज चढवला नाही. "सांगितलं असतं तर मांगं कोन बसलं असतं?"

 इश्वरनं पायातली चप्पल उगाच सरळ केली. रुखमा स्वतः सून असताना बैलगाडीच्या मागच्या टोकाला बसून आलेली बाई. ती उठली आणि तृप्तीजवळ जाऊन उभी राहिली. शेवटी शकुंतलाबाई म्हणाल्या की गाडी कोणतीही घ्या, पण मागं पाळीपाळीनं बसायचं. आपले गुडघे चालत नाहीत म्हणून आपल्याला सोडा, बाकी सगळ्यांनी बसायचं, इश्वरनंसुद्धा.

चांदीच्या रंगाची गाडी घेतली. ती काही सर्वगुणसंपन्न निघाली नाही. पाळीवरच्या उंचवट्यावर तिचं पोट घासलंच, अंकुशनं सांगितलं होतं तसं. मग दोन रविवार योगेंद्र आणि अंकुशनं तिथं मुरूम टाकून चढ पसरवला. हेमराज मिस्त्री कुरकुरला की हिच्या पार्टसाठी नागपूरची वाट पाहावी लागेल. योगेंद्र अजूनही रस्त्यानं काळी गाडी गेली की मान वळवून पाहतो. पण शकुंतलाबाई काठी बाहेर ठेवून एकट्या आत बसतात, कोणाला उचलावं लागत नाही. पहिल्या लांबच्या फेरीला सगळे लाखांदूरला गेले. जाताना मागं रुखमा आणि इश्वर. इश्वरनं उतरल्यावर कमरेवर हात ठेवला, पण तक्रार केली नाही. तृप्ती मधल्या रांगेत खिडकीशी होती. पवनीजवळ नदी लागते तिथं तिनं काच खाली केली आणि माहेर येईपर्यंत मुलींना गावांची नावं सांगत राहिली.

माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट त्याच्यानंतरची आहे.

अंकुशनं आमच्या जीपमध्ये फिरती पाळी सुरू केली. दर सोमवारी प्रत्येकानं एक जागा पुढं सरकायचं, समोरच्यानं मागं जायचं. ठेकेदाराची हरकत नव्हती, त्याला गाडी भरल्याशी मतलब. भूमिगतवाल्यांना आधी पटलंच नाही. पुढं बसायला बोलावलं तर ते संकोचायचे, राहू दे म्हणायचे. अडून बसले ते मधुकरराव. ते आमचे मोठे बाबू, ड्रायव्हरशेजारची जागा बावीस वर्षं त्यांची. ते म्हणाले की आपल्याला रक्तदाब आहे. अंकुश शांतपणे म्हणाला, "साहेब, डॉक्टरची चिठ्ठी आणा, मी तुमाले समोरच बसवतो. नाही तर सोमवारी तुमची मांगं पाळी आहे."

मधुकररावांनी चिठ्ठी आणली नाही. ते तीन आठवडे आपल्या मोटारसायकलनं खाणीवर आले. अंकुश रोज त्यांच्या फाट्यावर एक मिनिट गाडी थांबवायचा, वाट पाहायचा आणि निघायचा. चौथ्या सोमवारी ते तिथं उभे होते, काखेत घरची उशी. मागचं दार उघडून ते आत चढले. आठवड्याच्या शेवटी त्यांनीच ठेकेदाराला फोन करून मागच्या बाकड्यांवर जाड फोम बसवून घेतला आणि धरायला छताला दोन दांड्या लावून घेतल्या. बावीस वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं, आणि मोठ्या बाबूंचा फोन गेल्यावर चार दिवसांत झालं.

मी माझी पाळी चार महिने केली आणि निवृत्त झालो. मागं बसण्याचा पहिला आठवडा मला चांगला आठवतो. बुधवारी चिखल्याला उतरलो तेव्हा डावा पाय जमिनीवर टेकला आहे की नाही तेच कळेना. मी खांब धरला. अंकुश गाडीतून पाहत होता. तो काही म्हणाला नाही, हॉर्नही वाजवला नाही. माझे पाय येईपर्यंत इंजिन बंद करून थांबला.

आता त्याच्या स्वतःच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. गावातले लोक गाडी घ्यायची झाली की अजूनही त्याच्याकडं येतात. सरिता चहा करते. तो त्यांना आधी विचारतो की घरात माणसं किती, आणि मागं कोण बसणार. बहुतेकांना या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता येत नाही. मग तो त्यांना घरी परत पाठवतो आणि ज्याला मागं बसायचं आहे त्याला सोबत घेऊन या म्हणतो. परवा एक जण आपल्या म्हाताऱ्या सासूला घेऊन आला होता. आज अंकुश तिला घेऊन भंडाऱ्याला गाडी पाहायला गेला आहे.